शेजारचा घोरतो, आपण जागतो

अर्धीरात्र · सोमवार, रात्री २:४१

दिवाणखान्यातल्या सोफ्यावरून लिहितेय. वेळ बघितलीत ना? म्हणजे विषय कळलाच असेल.

नवरा अंथरुणाला पाठ टेकली की दुसऱ्या मिनिटाला झोपतो. मला झोप लागायला अर्धा तास लागतो आणि तेवढा वेळ मला मिळत नाही, कारण दहाव्या मिनिटाला त्याची सुरुवात होते. आधी नुसती फुरफुर, ओठांतून फूऽऽ. तेवढ्याची आता सवय झालीय. मग तो उताणा होतो आणि खरा कार्यक्रम चालू होतो. श्वास आत घेताना घर्रर्र, सोडताना शीळ. पलंगाच्या लाकडावर हात ठेवला तर तळव्याला कंप जाणवतो, खोटं नाही सांगत.

मी कोपर मारते. "अं?" म्हणतो, कूस बदलतो, तीन मिनिटं सामसूम. या तीन मिनिटांत झोप लागलीच पाहिजे या धास्तीनं मी टक्क जागी. मग पुन्हा येरे माझ्या मागल्या. आज चौथ्यांदा हलवलं तर डोळेही न उघडता म्हणतो, "मी कुठे झोपलोय अजून?"

लग्नाला अकरा वर्षं झाली. पहिली सहा-सात वर्षं हे नव्हतं, निदान इतकं नव्हतं. मागच्या चारेक वर्षांत वजन वाढलं आणि आवाजही. आठवडाभर झाला, मी उशी उचलून बाहेर येते. सकाळी तो मला सोफ्यावर बघतो आणि चेहरा असा करतो की जणू मी घर सोडून निघालेय. काल विचारलंनच, "एवढा त्रास होतो माझा?" आता यावर हो म्हणायचं की नाही?

तर विचारायचं असं, की कानात घालायचे बोळे खरंच चालतात का? वेगळ्या खोलीत झोपणारी जोडपी इथे आहेत का, आणि असलात तर तो विषय काढला कुणी आणि कसा? शिवाय ज्याला स्वतःचं घोरणं ऐकूच येत नाही त्याला ते पटवायचं कसं?

तोंडावर उशी दाबायचा सल्ला कृपया नको. तो माझा मलाच सुचलेला आहे.

घोरपड · सोमवार, सकाळी ७:०५

आयडीवरून ओळखलं असेलच, मी समोरच्या पक्षाचा.

ताई, त्याचा खोटेपणा नाही हो. आपण झोपलेले असताना जे काही होतं त्याला साक्षीदार दुसराच असतो. माझी बायको वीस वर्षं सांगत होती आणि वीस वर्षं मला वाटत होतं, ही वाढवून सांगते. एकदा मी तिला म्हटलं होतं, "इतका मोठा आवाज असता तर आधी मलाच जाग नसती का आली?" युक्तिवाद तेव्हा फार बिनतोड वाटला होता.

पटवायचं असेल तर फोनवर रेकॉर्ड करा. पण ऐकवताना दोघंच असा, आणि वेळ दिवसाची असू द्या. माझं रेकॉर्डिंग चार पाहुण्यांसमोर वाजलं. सगळे हसले, मीही हसलो, आणि पुढे सहा महिने त्या विषयावर घरात कुणाला बोलू दिलं नाही.

शेजारची_खाट · सोमवार, सकाळी ९:३०

तुम्हाला निदान कोपर मारता येतं. माझा रूममेट दीड वर्षाचा ओळखीचा, वजनानं माझ्या दुप्पट आणि स्वभावानं देवमाणूस. त्याला रात्री दोनला हलवून "अरे घोरतोयस" कसं सांगायचं? सुरुवातीला मी खोकायचो. मग कपाटाचं दार आपटायचो. एकदा खाटेला लाथ घातली आणि तो दचकून उठून मलाच विचारतो, "काय रे, वाईट स्वप्न पडलं का?"

शेवटी सरळ सांगितलं. बिचारा इतका ओशाळला की दोन रात्री जागाच राहिला. मग आम्ही ठरवलं की ज्याची झोप सावध, तो आधी झोपणार. मी साडेदहाला पडतो, तो बाहेर बसून वाचतो आणि सव्वाअकराला पाय न वाजवता आत येतो. एकदा मी गाढ झोपलो की मग त्यानं नगारे वाजवले तरी चालतात. फसतं ते पहाटे चारला जाग आली की. तेव्हा मग मी आणि छत.

बोळ्यांबद्दल: चालतात, पण लोक घालायला चुकतात. फोमचा बोळा आधी बोटांत वळून वातीसारखा बारीक करायचा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, म्हणजे आतली वाट सरळ होते. मग बोळा आत सरकवून वीस-तीस सेकंद बोटानं धरून ठेवायचा, तो आत फुगतो. नुसता कानाच्या तोंडाशी खोचला तर त्याचा उपयोग शून्य. पाकिटावर ३३ डेसिबल वगैरे लिहिलेलं असतं, ते प्रयोगशाळेतलं माप. आपल्या कानात त्याहून बरंच कमी पडतं. आणि गजर ऐकू येत नाही, त्याची सोय करा. मी एका परीक्षेला अर्धा तास उशिरा पोचलोय.

वामकुक्षी · सोमवार, सकाळी ११:१२

माझ्या आयडीतच उपाय आहे. वामकुक्षी म्हणजे डाव्या कुशीवर पडणं. दुपारची झोप हा अर्थ आपण नंतर चिकटवला.

गंमत सोडा, पण धाग्यातच लिहिलंय की तो उताणा झाला की खरा कार्यक्रम सुरू होतो. उताणं झोपलं की जीभ आपल्या वजनानं मागे घशाकडे पडते. कुशीवर वळवलं की वाट मोकळी होते. प्रश्न एवढाच की झोपलेल्या माणसाला कुशीवर ठेवायचं कसं. आमच्याकडे मी नवऱ्याच्या जुन्या बनियनला पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध खिसा शिवला आणि त्यात टेनिसचा चेंडू घातला. पहिल्या रात्री चेंडू सरकत सरकत काखेत गेला. मग खिसा आवळून शिवला. उताणा व्हायला गेला की टोचतो, आपोआप वळतो. तीन आठवडे बडबड ऐकून घेतली, आता बनियन घातला नाही तरी तो बहुतेक वेळ कुशीवरच असतो.

हे सगळ्यांना चालत नाही. माझा दीर कुशीवरही तितकंच घोरतो. त्याचा चेंडू आता पोरं खेळायला वापरतात.

आणि रात्रीची दारू असेल तर ती बंद. पिऊन झोपलं की घशाचे स्नायू आणखी सैल पडतात. झोपेच्या काही गोळ्यांचंही तेच. आमच्याकडे ज्या रात्री पार्टी त्या रात्री चेंडूसुद्धा हरतो.

दोन_खोल्या · सोमवार, दुपारी १:४०

सहा वर्षं वेगळ्या खोल्यांत झोपतो. छान चाललंय. लोकांना का इतका धक्का बसतो कळत नाही. दिवसभर आम्ही एकत्रच असतो की. रात्री तो तिकडे बेशुद्ध आणि मी इकडे बेशुद्ध, यात सहवास कसला? उलट आधी सकाळी उठून मी त्याच्यावर डाफरायचे आणि त्याला कारणच माहीत नसायचं.

विषय मीच काढला. "तुझ्यामुळे" हा शब्द एकदाही वापरला नाही. "मला झोप हवी आहे" एवढंच म्हणाले. झोपण्याआधी अर्धा तास त्याच्या खोलीत गप्पा मारतो, मग मी शुभरात्री म्हणून निघते. आणि ताई, सोफा नको. सोफ्यावर झोपलं की रुसून गेल्यासारखं दिसतं. नीट गादी घाला, तुमचा दिवा, तुमचं पांघरूण ठेवा. मग ती तुमची खोली होते.

मंद्रसप्तक · सोमवार, दुपारी ३:२५

@दोन_खोल्या, ज्यांच्याकडे दुसरी खोली आहे त्यांना हे बोलणं सोपं आहे. आम्ही एका खोलीत चौघं वाढलो. वडील खर्जात, आजोबा तारसप्तकात, आणि मध्ये आम्ही दोघं भाऊ सम शोधतोय.

मला शांततेपेक्षा एकसारखा आवाज कामाला आला. पंखा मोठा ठेवायचा, किंवा फोनवर पावसाचा संथ आवाज. घोरणं झोप मोडतं ते मुख्यतः चढउतारामुळे. एकसुरी असतं तर आगगाडीत झोपतो तसे झोपलो असतो. घोरणारा मध्येच थांबतो, आपण वाट बघत बसतो, आता येईल, आता येईल, आणि मग समेवर दणका. खालचा आवाज थोडा वर उचलला की दणका तितका टोचत नाही.

चकवा · सोमवार, सायंकाळी ५:५०

इतकी चर्चा कशाला? तोंडाला चिकटपट्टी लावा. तोंड बंद, घोरणं बंद. हल्ली सगळे लावतात. शिवाय घशात मारायचे फवारे मिळतात, करंगळीत घालायच्या अंगठ्या मिळतात.

घोरपड · सोमवार, सायंकाळी ६:०२

करंगळीतल्या अंगठीचा वापरकर्ता हजर आहे. अंगठी छान आहे, अजून घालतो. घोरणंही छान चाललं होतं.

कानोसा · सोमवार, रात्री ९:१५

कान-नाक-घशाचे रुग्ण रोज बघतो, म्हणून लिहितो. इथे कुणाचं निदान करत नाहीये.

आधी चिकटपट्टी. तोंडानं श्वास घेणारी बरीच माणसं नाक चोंदलेलं असतं म्हणून तोंडानं घेतात. सर्दी, अ‍ॅलर्जी, नाकाचा पडदा वाकडा असणं, काहीही असेल. त्यांची उरलेली वाट चिकटवून टाकायची हा उपाय नव्हे. आधी नाक बघा. नाकावर बाहेरून लावायच्या पट्ट्या वेगळ्या. अडचण नाकपुडीशी असेल तर त्यांचा थोडा फायदा होतो, घशाशी असेल तर नाही.

आता मुख्य गोष्ट. @अर्धीरात्र, तुम्ही आवाजाचं सविस्तर वर्णन केलंत. मला शांततेबद्दल विचारायचंय. झोपेत घसा सैल पडतो. मऊ टाळू, पडजीभ, जिभेचं मूळ, घशाच्या भिंती, सगळंच. वाट अरुंद झाली की हवा जोरात घुसते आणि ही सैल पानं फडफडतात. ते घोरणं. पण वाट पूर्ण मिटली तर फडफडायला हवाच उरत नाही. आवाज बंद. घरातल्यांना वाटतं, सुटलो एकदाचे. आणि काही सेकंदांनी माणूस गुदमरल्यासारखा हुंदका देऊन श्वास ओढतो. मंद्रसप्तक यांनी ज्याला समेवरचा दणका म्हटलं, तो काही लोकांत हाच असतो.

दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास अडला की आम्ही तो एक मोजतो. पूर्ण थांबलेले आणि अर्धवट अडलेले दोन्ही धरून तासाला पाचच्या आत असतील तर ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. दर वेळी रक्तातला ऑक्सिजन खाली येऊ शकतो आणि मेंदू क्षणभर जागा होऊन श्वास सुरू करून देतो. सकाळी माणसाला यातलं काही आठवत नाही. आठवतो फक्त थकवा. वर्षानुवर्षं चाललं तर रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो, आणि गाडी चालवताना डुलकी लागते. ही डुलकी मला सगळ्यात जास्त घाबरवते.

प्रत्येक घोरणाऱ्याला हा आजार नसतो, घाबरवण्याचा हेतू नाही. पण स्टॉप-बँग नावाची आठ प्रश्नांची साधी चाळणी आहे: आवाज बंद दाराबाहेर ऐकू येतो का, दिवसा थकवा असतो का, झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का, रक्तदाब आहे का, बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ३५ च्या वर का, वय पन्नाशीच्या पुढे का, गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर का, आणि पुरुष आहे का. तीन किंवा जास्त 'हो' आले तर दाखवून घ्यावं, पाच आले तर टाळूच नये. यातला तिसरा प्रश्न पुन्हा वाचा. त्याचं उत्तर रुग्ण देऊच शकत नाही. ते शेजारी जागं असलेलं माणूसच देतं.

तेव्हा आज जाग आलीच तर कोपर मारू नका. घड्याळ बघा.

अर्धीरात्र · मंगळवार, पहाटे ३:२२

हात थोडे कापतायत, टायपिंगच्या चुका समजून घ्या.

पलंगाशेजारी जमिनीवर बसले. फोनचा उजेड अगदी कमी केला. २:२० ते २:५० मोजलं. अर्ध्या तासात अकरा वेळा थांबला. सगळ्यात लांब थांबला तो २६ सेकंद. २६ सेकंद म्हणजे काय ते जमिनीवर बसून कळतं.

आणि थांबतो म्हणजे काय, ते मला माहीतच नव्हतं. वाटलं होतं सगळंच थांबत असेल. पण छाती हलत होती. पोट हलत होतं. नाकापुढे बोट धरलं तर बोटाला वारा मात्र लागत नव्हता. आतून कुणी दार ढकलतंय आणि बाहेरून कडी आहे, तसं. मग मान मागे फेकली, धाडकन आवाज, आणि परत घर्रर्र. तो घर्रर्र ऐकून मला आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

चार वर्षं मी तो आवाज थांबला की मनात हुश्श करत होते.

रक्तदाबाची गोळी वर्षभर चालू आहे. गळा उद्या मोजते. टेप कुठे ठेवलीय देव जाणे.

वामकुक्षी · मंगळवार, सकाळी ६:४८

अगं, पाणी पी आधी. चार वर्षं चाललंय ते आज रात्रीतून काही होणार नाही. सकाळी नीट बोल त्याच्याशी, अपॉइंटमेंट घे.

आणि हुश्श केलंस म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. झोपमोड झालेलं माणूस आणखी काय करणार?

घोरपड · मंगळवार, सकाळी ८:३०

काल इथे गंमत करून गेलो. अंगठीनंतरची गोष्ट आज सांगतो.

तीन वर्षांपूर्वी मी सिग्नलला थांबलो होतो. लाल होता. पुढचं मला आठवतं ते मागच्या गाडीवाल्यानं काचेवर ठोकलं ते. हिरवा होऊन परत लाल झाला होता. पायाखाली ब्रेक होता म्हणून वाचलो. त्या दिवशी घरी येऊन बायकोला पहिल्यांदा विचारलं, "तू नेमकं काय ऐकतेस?"

तपासणी घरीच झाली. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा, नाकाखाली बारीक नळी, छातीला पट्टा. सकाळी यंत्र परत द्यायचं. माझा आकडा तासाला ४१. डॉक्टरांनी विचारलं, "दिवसा झोप येते का?" मी म्हटलं, "नाही, अजिबात." बायको शेजारून म्हणाली, "केस कापतानासुद्धा झोपतात." त्यांच्याकडे एक प्रश्नावली असते, एपवर्थ नावाची. बसून वाचताना, गाडीत मागे बसल्यावर, असे आठ प्रसंग, प्रत्येकाला ० ते ३ गुण. दहाच्या वर गेलं की जास्तच झोप येते असं धरतात. मी मला सात दिले होते. तिनं मला सतरा दिले.

मला सीपॅप यंत्र लागलं. नाकावर मास्क, त्यातून हवेचा हलका दाब रात्रभर येतो आणि घशाची वाट मिटू देत नाही. कॉलिन सलिव्हन नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी १९८१ साली हे पहिल्यांदा छापून जगापुढे ठेवलं. सुरुवातीच्या यंत्रात व्हॅक्युम क्लीनरची मोटर होती म्हणतात, तेव्हा आवाजानं बायकोची झोप उडालीच असती. हल्लीचं जेमतेम कुजबुजतं.

पहिला आठवडा भयंकर होता. मास्क कडेनं गळायचा आणि डोळ्यात वारा जायचा. घसा कोरडा पडायचा. तिसऱ्या रात्री झोपेतच काढून फेकला, सकाळी पलंगाखाली सापडला. मी परत करायला निघालो होतो. मग वेगळ्या मापाचा मास्क दिला, हवा दमट करणारं भांडं जोडलं, आणि संध्याकाळी जागेपणी अर्धा तास तो लावून नुसतं बसायची सवय केली. हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. पहिल्या मास्कवर यंत्राची पारख करू नका.

आणि पहिल्या नीट झालेल्या रात्रीनंतर बायको म्हणाली, "मी तीनदा उठून तुमच्या नाकाशी हात धरला. इतकी शांतता मला झेपेना."

कानोसा · मंगळवार, सकाळी १०:०५

घोरपड, फार उपयोगी लिहिलंत.

जोडीदाराच्या झोपेबद्दल एक जोडतो. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं दहाच जोडप्यांवर एक छोटा अभ्यास केला. नवऱ्यांना अ‍ॅप्निया होता. अर्धी रात्र तसंच झोपवलं, उरलेली अर्धी यंत्र लावून, आणि बायकांची झोपही मोजली. अंथरुणात घालवलेल्या वेळापैकी बायका प्रत्यक्ष झोपल्या तो वाटा ७४ टक्क्यांवरून ८७ वर गेला. ज्या घोरणाऱ्याला उपचार घ्यायचेच नसतात, त्याला हा आकडा सांगून बघा. स्वतःसाठी न येणारे बायकोसाठी येतात, हा माझा अनुभव.

यंत्र हा एकच मार्ग नाही. सौम्य किंवा मध्यम असेल तर दंतवैद्य खालचा जबडा थोडा पुढे धरणारं साधन बनवून देतात. वजन हा मोठा भाग आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या, २००० साली छापलेल्या पाहणीत दहा टक्के वजन उतरलेल्यांत हा तासाचा आकडा साधारण २६ टक्क्यांनी उतरलेला दिसला. मुलांचं वेगळं, तिथे कारण बहुधा वाढलेले टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड (नाकामागची गाठ) असतात. रोज घोरणाऱ्या मुलाला "गाढ झोपतो हो" म्हणून सोडू नये.

मंद्रसप्तक · मंगळवार, दुपारी १२:३०

अवांतर, पण अगदीच अवांतर नाही. २००६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक प्रयोग आला होता. मध्यम अ‍ॅप्निया असलेल्या २५ माणसांपैकी काहींना चार महिने दिजरिडू शिकवलं. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं लांबलचक लाकडी वाद्य, ज्यात श्वास न तोडता फुंकत राहावं लागतं. वाजवणाऱ्यांची दिवसाची झोप कमी झाली, तासाचा आकडा उतरला आणि जोडीदारांची तक्रारही घटली. २०१७ मध्ये याला इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस) मिळालं, तेही शांततेचं!

घशाच्या स्नायूंना व्यायाम मिळतो म्हणे. ब्राझीलमध्ये नुसत्या जिभेच्या आणि टाळूच्या व्यायामांवरही असा एक प्रयोग झालाय, तीन महिन्यांचा. मी बासरी वाजवतो, त्यामुळे माझा विश्वास लगेच बसला. बायकोचा बसत नाही. तिच्या मते मी बासरी वाजवून झोपलो की सुरात घोरतो, एवढाच फरक.

चकवा · मंगळवार, दुपारी १२:४१

म्हणजे चिकटपट्टी चालत नाही आणि चार महिने भोंगा फुंकलेला चालतो. धन्य आहे.

दोन_खोल्या · मंगळवार, दुपारी २:१६

सकाळपासून हा धागा डोक्यात आहे. सहा वर्षं मी दुसऱ्या खोलीत गाढ झोपतेय. तो थांबतो की नाही थांबत, मला माहीतच नाही. कुणालाच माहीत नाही.

आज रात्री गादी तिकडे नेतेय. एका रात्रीपुरती. घड्याळ घेऊन.

अर्धीरात्र · तीन आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी १०:४०

कुणाकुणाचे निरोप आले, म्हणून लिहिते.

दुसऱ्या दिवशी त्याला अकराचा आणि २६ चा आकडा सांगितला. "तू घोरतोस" म्हटल्यावर जो माणूस चार वर्षं हसला, तो "तुझा श्वास थांबतो" म्हटल्यावर गप्प झाला. मग म्हणाला, "तू जमिनीवर बसून मोजत होतीस?" ते त्याला जास्त लागलं. गळ्याचा घेर ४३ निघाला. तपासणी झाली, आकडा २७. मध्यम. यंत्र आलंय, पहिला मास्क बदलूनही झाला. (घोरपड, तुमचा प्रतिसाद त्याला वाचून दाखवला. मास्क पलंगाखाली सापडला तेव्हा तो तुमचंच नाव घेऊन हसला.)

आता मुख्य बातमी. डॉक्टरांना ऐकवायला म्हणून तपासणीच्या आधी एक अख्खी रात्र फोनवर रेकॉर्ड केली होती. दोघांनी बसून ऐकली. म्हणजे मी पुढे पुढे सरकवत होते आणि त्याला दाखवत होते, हे बघ, हे बघ. ४:१२ ला पलंग करकरतो. पावलं. बाथरूमचं दार. नळ. आणि हे सगळं चालू असताना पलंगावर कुणीतरी आरामात घोरतंय.

घरात आम्ही दोघंच राहतो.

मी म्हटलं, पाण्याचा आवाज असेल. त्यानं मागे नेऊन परत लावलं. पाच वेळा लावलं. मग माझ्याकडे बघून अतिशय गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "मी कुठे झोपलेय अजून?"

कानोसा · रविवार, सकाळी ११:०२

हसलो, पण तुम्हीही दाखवून घ्या. बायकांचं घोरणं घरात कुणी बोलत नाही आणि दवाखान्यात कुणी विचारत नाही. पाळी थांबण्याच्या आसपास ते वाढतं. बायकांची तक्रार बऱ्याचदा घोरण्याची नसतेच. थकवा, सकाळची डोकेदुखी, तुटक झोप असं काहीतरी सांगतात. तुम्ही चार वर्षं झोप लागत नाही म्हणताय, त्याचं सगळं खापर शेजारच्यावर फोडू नका.

घोरपड · रविवार, सकाळी ११:१०

आमच्या पक्षात स्वागत आहे ताई. अंगठी हवी असेल तर पाठवतो.

अर्धीरात्र · रविवार, दुपारी १२:२५

शुक्रवारी माझी तपासणी. छातीला पट्टा कसा बांधायचा ते नवरा शिकवतोय. दोनदा बांधून दाखवला, दोन्ही वेळा उलटा.

@दोन_खोल्या, तुमच्या रात्रीचं काय झालं ते लिहिलं नाहीत.

दोन_खोल्या · रविवार, रात्री १०:५०

काही नाही थांबत. दोन तास बसले. नुसता घोरतो, बिनघोर. तिसऱ्या रात्रीही मोजलं, तेच.

परत माझ्या खोलीत आलेय. मधलं दार मात्र आता उघडं ठेवते.

शेजारची_खाट · सोमवार, रात्री १:५०

रूममेटला हा धागा सापडला. "वजनानं दुप्पट, स्वभावानं देवमाणूस" वाचून कोण ते त्याला लगेच कळलं.

आज साडेदहाला तो आधी झोपलाय. मुद्दाम. आणि मी मोजतोय.